शेवंताबाईची पहिली दंडार

डोंग्यातून फिरायचं, चुलीवरची मासोळी खायची आणि वर दंडार, म्हणजे इकडचा नाचगाण्याचा लोकखेळ, पाहायची, एवढं ऐकल्यावर माझी नणंद मीनल आणि मी रविवारची वाटच पाहत होतो. गोसीखुर्द धरणात जुनं गाव गेलेल्या मासेमार कुटुंबांनी पवनीजवळच्या नव्या वसाहतीत पाहुण्यांसाठी हे सुरू केलं आहे. माणशी सहाशे रुपये, जेवणासकट. आधी फोन मात्र करा.

नागपूर सकाळी सातला सोडलं. उमरेड-भिवापूरमार्गे रमतगमत अडीच तास. भिवापूरच्या आसपास शेतांत लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या. त्यांचे फोटो काढताना आम्ही दोघी शिंकून शिंकून हसलो.

वसाहतीतला गणपत आम्हाला डोंग्यातून पाण्यावर घेऊन गेला. पाणपक्षी दाखवत, वल्हं मारत तो दंडारीतलं गाणंही म्हणत होता. दंडारीत बाईचं सोंग तोच घेतो. परतताना मी घाईत उभी राहिले, डोंगा कलंडला. मला सावरताना गणपतचा पाय दगडात अडकून मुरगळला. तासाभरात घोटा टम्म सुजला. अंगणात तीसेक पाहुणे जमलेले आणि मला तोंड लपवायला जागा नव्हती.

गणपतचे वडील, म्हणजे दंडारीचे म्होरके, खेळ रद्द करायला निघाले. तेवढ्यात आम्हाला भात वाढणारी गणपतची बायको शेवंताबाई हातातलं पातेलं ठेवून म्हणाली, "मामाजी, मले येते."

"तुले कसं येते?"

"वीस वर्सं झाली. तुमची तालीम आंगनात चालते, मी रांधनीतून पाहून राहिली."

आपल्या दंडारीत बाई कधी नाचली नाही, असं म्हातारा पुटपुटला. खाटेवरून गणपत शांतपणे म्हणाला, "बाबा, बाईचं काम बाईनं केलं तं काय बिघडते?"

म्हाताऱ्याने ढोलकी उचलली आणि मुद्दाम जलद चाल धरली. शेवंताबाईने पदर खोचला. एकही पाऊल चुकलं नाही. उलट तीच पुढे गेली आणि ढोलकीला तिच्यामागे धावावं लागलं. म्हातारा हसायला लागला तशी सगळी वसाहत नाचायला उतरली. मीनलने मला ओढलं. मी दोनदा कुणाच्या तरी पायावर पाय दिला, पण कुणी मनावर घेतलं नाही.

घरी आल्यावर चार दिवस पोटऱ्या दुखत होत्या. मासोळीच्या रश्श्याची चव अजून सांगता येईल. पण भाजी चिरताना आठवतं ते शेवंताबाईचं ओठ घट्ट मिटून टाकलेलं पहिलं पाऊल.

गणपतच्या पायाची चौकशी करायला परवा फोन केला, तो शेवंताबाईने उचलला. पाय बरा आहे. बाईचं काम आता शेवंताबाईकडेच आहे, गणपत राजा होतो. आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्याने मिशा ठेवल्या आहेत.

"कशा दिसतात?" मी विचारलं.

"मले सवय होऊन राहिली," शेवंताबाई म्हणाली.