लुगड्यावरचा लाल

ट्रंक उघडली आणि डांबरगोळ्यांच्या वासासकट अक्काचं पांढरं लुगडं हाती आलं. अक्का माझी आत्या. ऐन तारुण्यात विधवा झाली, तेव्हापासून पांढरंच नेसायची.

ऐंशीच्या दशकात एकदा धुळ्याला दवाखाना उरकला आणि बसला वेळ होता, म्हणून आम्ही जवळच्या काळ्या दगडाच्या चर्चमध्ये टेकलो. उंच टोकदार कमानी, आत गारवा. खिडकीच्या रंगीत काचा साहेबाच्या काळात बोटीनं आल्या, असं म्हातारा रखवालदार सांगून गेला.

ऊन कललं तसा काचेतला लाल रंग अक्काच्या लुगड्यावर उतरला. तिनं दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं. मग पदर मांडीवर नीट पसरून ती बसून राहिली. मला तेव्हा वाटलं, दमली असेल.

"अक्का, बस चुकी जाई!"

"जाऊ दे," ती म्हणाली. "दुसरी शे."