शाडूच्या मातीत पास झालेला कोळपा

मंगळवारी सकाळी साडेनऊला काळाचौकीतल्या माझ्या गाळ्याचं शटर वर केलं, तर समोर साठीच्या एक काकी उभ्या. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात मी बनवलेला भाताचा कोळपा... त्याच्या दातेरी रुळांत चिखल सुकून दगड झालेला.

"ह्यो तुझोच मां? धा पावलां चालता आणि बसता."

सिंधुदुर्गातून रात्रीच्या गाडीने आल्या होत्या. लेक डिलाईल रोडला राहतो, पण त्याच्याकडे चहासुद्धा न घेता थेट माझ्याकडे.

खरं सांगतो, मला झोंबलं. गिरण्यांचा संप झाला तेव्हा मी नववीत होतो. वडील मिलमध्ये फिटर, ते घरी बसले आणि माझी शाळा सुटली. लेथ मी बघून बघून शिकलो, ड्रॉइंग वाचायला जुनी पुस्तकं घेऊन स्वतः शिकलो. मागाचा सांधा वाजता कामा नये, हे वडिलांचं पहिलं वाक्य आणि शेवटचंही. माझ्या हातून खुळखुळणारं काम आजवर बाहेर गेलेलं नाही.

हा कोळपा म्हणजे लांब दांडा आणि पुढे दोन दातेरी रूळ. भाताच्या दोन ओळींमधून ढकलत न्यायचा, तण उपटून तिथेच चिखलात गाडलं जातं. परदेशी मदतीवर चालणारी एक संस्था आहे, आपल्यासारख्या उष्ण, पावसाळी देशांत लहान शेतकऱ्यांचं पीक वाढावं म्हणून काम करते. पस्तीस कोळप्यांची ऑर्डर त्यांची. पाच आधी पाठवले होते, तीस गाळ्यात तयार.

काकींच्या वाडीने यंदा पहिल्यांदाच संस्थेचं ऐकून दोरी लावून, अंतर सोडून लावणी केली. रोपं कमी लागतात, फुटवे जास्त येतात. पण मोकळ्या जागेत तणही तितकंच माजतं... आणि ते वेळेत निघालं नाही तर भात दबतं. सगळ्यात आधी हो म्हणाल्या होत्या काकी, त्यांच्या शब्दावर बाकीची घरं. लावणीला बारा दिवस होऊन गेले होते.

मी म्हटलं, "काकी, मी टेस्ट करून पाठवलाय. अर्धा तास चालवलाय." आणि टेस्टचा पत्र्याचा ट्रे दाखवला. आठ फूट लांब, दोन फूट रुंद, आत नऊ इंच चिखल.

काकींनी ट्रेमध्ये हात घातला. चिमूटभर चिखल बोटांत चोळला आणि माझ्याकडे बघून हसल्या.

"झिला, ही तर गणपतीची माती! चाळून घेतलेली. माझ्या शेतातल्या कुणग्यात खडे आसत, मुळां आसत, कुर्ल्यो आसत. तेंका कोण चाळतलो?"

लालबागच्या माणसाला चिखल हवा म्हटल्यावर तो कुठे जाणार? टेस्टच्या वेळी मी गेलो होतो शेजारच्या मूर्तिकार दिनूकडे. शाडू, लोण्यासारखा. त्यात कोळपा काय, चमचासुद्धा पास झाला असता.

रूळ उघडला. आस आणि तो ज्यात फिरतो ते बुश, यांत मी केस जाईल इतकीच फट ठेवली होती, रूळ आणि फ्रेममध्ये एक मिलीमीटर. बारीक खडा आत शिरला की त्याला बाहेर यायला वाटच नाही. कापडाच्या यंत्राला जे शोभतं, ते मी चिखलात घातलं होतं.

तेवढ्यात दिनू आला. त्याला आधी पोटभर हसू दिलं, मग त्याच्याकडूनच मूर्तीत घालायचा काथ्या आणला, बारीक तुकडे करून ट्रेमध्ये टाकला. ही मुळं. समोरच्या बांधकामावरची खडी, हे खडे. दिनू म्हणतो, "आणि कुर्ल्या? मार्केटातून खेकडे आणू काय रे? उरल्या तर रस्सा करू."

बुश दीड मिलीमीटर मोठं केलं. बाजूची फट सहावर नेली, खाली धुऊन निघायला भोक पाडलं. रूळ हातात खुळखुळायला लागला आणि माझ्या अंगावर काटा आला... काकी मात्र ट्रेमध्ये वीस वेळा पुढे-मागे करून म्हणाल्या, "आता जाता."

तीस नग उघडून पुन्हा बसवायला बुधवार आणि गुरुवारची दुपार गेली. गुरुवारी संध्याकाळच्या गाडीत काकी आणि कोळपे, दोन्ही चढवले. वाडीवर राहिलेल्या चारांसाठी नवीन बुश पिशवीत दिले.

शुक्रवारी फोन नाही. शनिवारी दुपारपर्यंत नाही. मी दोनदा चुकीचं माप कापलं, जे माझ्याकडून होत नाही.

चारला फोन वाजला. "झिला, चार कुणगे झाले. खंयच अडाकलो नाय. शेजारणी पण उतरल्यो शेतात." मी स्टुलावर बसलो. दोन दिवस बांधलेले खांदे एकदम खाली आले.

मग त्या म्हणाल्या, "पण मूठ खूप वर केलंस रे. मी काय माडाएवडी आसंय?"

मूठ मी माझ्या कोपराच्या उंचीवर ठेवली होती. ढकलणाऱ्या सगळ्या बायका, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

काकी, तुम्ही कोळपा तिथेच बांधावर टाकून दिला असतात तरी चाललं असतं. तो उचलून माझ्यापर्यंत आणलात, त्याबद्दल मनापासून आभार... पुढच्या रविवारी मी वाडीवर येतोय. मेजरिंग टेप घेऊन.