मागावरचं अर्धं कापड

"अर्धं कापड मागावर सोडून उठू नये." मारुती हे सदा म्हणायचा, ताटात चतकोर पोळी उरली तरी. इंदूरच्या गिरणीत त्यानं बावीस वर्षं मागावर तुटलेल्या धाग्यांना गाठी मारल्या. कापसाचा भुगा भुवयांवर बसून तो तरुणपणीच म्हातारा दिसू लागला होता. शेवटी उजवं मनगट असं धरलं की पाण्याचा तांब्या उचलवेना.

त्यातच गिरणी बंद होणार हे ठरलं. सांवेर रोडच्या नव्या कारखान्यात चारच विणकर घेणार होते. सोमवारी तासभर गाठी मारून दाखवायच्या होत्या.

बायको गिरिजा त्याला महूला भाऊरावांकडे घेऊन गेली. ते फौजेतले जुने कंपाउंडर. कोरियाच्या लढाईत जखमींची सेवा करताना तिथल्या एका म्हाताऱ्या वैद्याकडून सुया टोचून दुखणं उतरवायला शिकले होते.

त्यांनी सुया डाव्या हाताला टोचल्या.

"भाऊरावजी, दुखतं उजवं."

"अरे भिया, चोर पुढच्या दारी असला की आपण मागून जायचं."

"आणि चोर मागूनच पळाला तर?"

"मागे गिरिजाबाई उभ्या आहेत."

"सुई त्यांच्याच हाताला राहू द्या," गिरिजा म्हणाली, "मला नको."

मग दवण्यासारख्या सुक्या पाल्याची चिमूट पेटवून त्यांनी मनगट शेकलं. असं सहा दिवस. सहाव्या दिवशी मारुतीनं भरला तांब्या उचलला.

"सोमवारपर्यंत एकही गाठ मारायची नाही," भाऊरावांनी बजावलं.

शनिवारी गिरणीची शेवटची पाळी होती. रजेवर असलेला मारुती आपली कैची आणायला गेला. त्याच्या मागावर कापड अर्धंच होतं. बदली माणूस उठून गेला होता.

"राहू दे यार," पाळीचा मुकादम जॉबर म्हणाला, "आता हे कोण नेतंय?"

मारुतीनं माग चालू केला. सूत कुजकं, हातभर विणलं की चार धागे तुटत. भोंगा होईपर्यंत तो गाठी मारत राहिला. कापड पुरं झालं, आणि गिरणीच्या कुलपाआड गेलं.

सोमवारी कारखान्यात तिसऱ्या गाठीलाच बोटं मिटेनात. साहेबानं पुढच्याला हाक मारली.

बाहेर चहाच्या टपरीशी गिरिजा आणि भाऊराव थांबले होते. मारुतीनं शनिवारचं सांगितलं. भाऊरावांनी सुजलेलं मनगट दाबून पाहिलं आणि हलकेच सोडलं.

"आणखी सहा दिवस टोचलं तर?" गिरिजानं विचारलं.

भाऊरावांनी नकारार्थी मान हलवली.

"कापड पुरं केलं मी," मारुती म्हणाला.

उजवा हात डाव्यात धरून तो सडकेच्या कडेनं निघाला. घराचा रस्ता उलट दिशेला होता. ट्रकांच्या धुळीत त्याचा सदरा दिसेनासा झाला, तरी गिरिजा तिकडेच बघत होती. भाऊरावांनी मान खाली घातली होती.