शिव्यांसकट सरपण

ऑरिन लेटनच्या तोंडातून शिवी निघाली नाही असा दिवस आमच्या गावानं पाहिलेला नाही. पाद्री समोर असला तर तो आवाज तेवढा खाली करायचा, शब्द तेच. उभा जन्म अमेरिकेतल्या मेन राज्याच्या या किनाऱ्यावर लाकडी बोटी बांधण्यात गेला. बायको वारली, मुलगी उन्हाच्या ओढीनं फ्लोरिडाला गेली ती तिकडचीच झाली. हा मात्र ऐंशीला टेकला, पाठीत वाकला, तरी जिभेची धार काही बोथट होईना. आणि अशा माणसाकडं आमच्या गावानं काम कुठलं दिलं होतं, तर म्हाताऱ्याकोताऱ्यांची सेवा करायचं!

सेवा म्हणजे लाकूडपेढीची. आगीच्या बंबाच्या शेडमागं वादळात पडलेली झाडं आणून टाकतात, गावातले धडधाकट लोक शनिवारी ती कापतात, फोडतात, आणि थंडीत ज्यांच्या घर तापवायच्या तेलाच्या टाकीत खडखडाट झाला असेल त्यांच्या दारात नेऊन टाकतात. घेणाऱ्यानं काही द्यायचं नाही. कल्पना उत्तम. अडचण एकच, आमचे म्हातारे. या लोकांना गोठून मेलेलं चालतं, पण कुणी प्रेमानं 'घ्या' म्हटलेलं चालत नाही. ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात ना? आमच्याकडं तो प्रश्नच नाही. आमच्याकडं ताकाला कुणी जातच नाही.

म्हणून तर पेढीचा ट्रक ऑरिनकडं होता. त्याची पद्धत मी माझ्या खिडकीतून नेहमी पाहायची, कारण समोरच लोव्हिना बील राहते. वय पंच्याऐंशीच्या पुढं, गुडघे गेलेले, तेल भरायची ऐपत नाही, आणि ताठा राणीचा. ऑरिन तिच्या अंगणात ट्रक उलटा लावायचा आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडायचा.

"ए लोव्हिना! आहेस का मेलीस?"

खिडकी धाडकन वर व्हायची. "तुझ्या आधी मरायची नाही मी! काय घाण आणलीस?"

"कचरा. शेडमागं वाट अडवून बसलाय. तुझं अंगण असंही उकिरडाच, म्हटलं इथंच टाकावा."

"खबरदार टाकलास तर!"

"टाकला बघ."

"मेल्या, एवढं मोठं ढलपं माझ्या शेगडीत शिरेल का? अक्कल विकून खाल्लीस का सगळी?"

"बारीक करून देतो, पण किटकिट बंद कर तुझी!"

मग तो तासभर तिथंच उभा राहून कुऱ्हाड चालवायचा, ती खिडकीतून त्याचा उद्धार करायची, आणि शेवटी ओट्याखाली बर्चच्या लाकडांची सुबक रास लागलेली असायची. लोव्हिनानं दान घेतलं असं कोण म्हणेल? उलट दुकानात बायका तिची कीव करायच्या. "बघा ना, त्या ऑरिननं पुन्हा कचरा टाकला बिचारीच्या दारात." म्हणताना कुणी हसायचं नाही, हा गावाचा नियम. कुणी सांगितलेला नाही, पण मोडलाही नाही कुणी कधी.

माझा नवरा हार्लन गेला त्या हिवाळ्यात ऑरिन लाकडं घेऊन माझ्याही दारात आला. चाळीस वर्षं गावच्या शाळेची बस चालवणारी बाई मी, मला कोण काय देणार? हा म्हणाला, "ए आर्डिस, तुझ्या नवऱ्यानं मला कंटाळा आणला जन्मभर, आता हा कचरा जाळत बस आणि तू मला कंटाळा आण." मी त्याला किटलीचं झाकण फेकून मारलं. मग दार लावलं आणि रडले. त्या रात्री स्वयंपाकघर ऊबदार होतं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना बॉस्टनहून व्हिटलोबाई आल्या. आधी उन्हाळ्यापुरत्या यायच्या, मग नवरा निवृत्त झाला आणि खाडीवरच्या मोठ्या घरात कायमच्याच राहिल्या. कानामागून आल्या आणि तिखट झाल्या. वर्षाच्या आत लाकूडपेढीची समिती झाली, समितीला 'उबदार हृदयं' असं नाव पडलं, आणि बाई अध्यक्ष. बाई वाईट नव्हत्या, तेच तर दुखणं होतं. वाईट माणसाला चार शब्द सुनावता येतात, चांगल्या माणसाचं काय करायचं?

एका सकाळी त्या लोव्हिनाच्या घरावरून चालल्या होत्या आणि त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. "आहेस का मेलीस" पासून पुढचं सगळं. तिथंच रस्त्यावर त्यांचा हात छातीवर गेला.

त्याच आठवड्यात चर्चच्या तळघरात सभा. बाई उभ्या राहून म्हणाल्या, "गावातल्या असहाय वृद्धांना हा माणूस आपल्या समितीच्या नावानं शिवीगाळ करतो! मी स्वतः ऐकलंय! मिस्टर लेटन, ट्रकची किल्ली इथं टेबलावर ठेवा."

आता कुणीतरी उठून सांगायला हवं होतं ना, की बाई, ते भांडण नाही, ती आमची रीत आहे? पण सांगायचं कसं? ते सांगणं म्हणजे लोव्हिना फुकटचं लाकूड घेते हे भर सभेत जाहीर करणं. आणि लोव्हिना तिसऱ्या रांगेत मोजा विणत बसलेली. तिच्या शेजारी मी. सगळं गाव मूग गिळून बसलं. ऑरिननं एकदा आमच्याकडं पाहिलं, किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "बाई, तुमच्या हातनं नरकात पाण्याची बादलीसुद्धा खपायची नाही." आणि गेला. झालं, बाईंना वाटलं, बघा, आपलं बरोबरच होतं.

मग सुरू झाला प्रेमाचा कारभार. लाकडांच्या छोट्या मोळ्या, प्रत्येकीला लाल फीत, फितीला कार्ड, त्यावर 'तुमच्यावर प्रेम करणाऱ्या शेजाऱ्यांकडून'. बाईंनी स्वतः लोव्हिनाच्या दारात जाऊन गोड आवाजात विचारलं, "आम्ही आपली काही मदत करू शकतो का?"

लोव्हिना म्हणाली, "आज माझा वाढदिवस नाही," आणि दार लावलं.

तेवढ्यावर भागेना म्हणून बाईंनी जेवणाची संध्याकाळ ठेवली. मोठ्या भांड्यात शिजवलेल्या घेवड्याच्या बिया, काळा पाव, आणि लाकूड घेणाऱ्यांनी मंचावर येऊन आपली मोळी स्वीकारायची, सोबत फोटो. घेणारं एक चिटपाखरू फिरकलं नाही. समितीनंच समितीला वाढलं, समितीनंच बिया खाल्ल्या, आणि दुसऱ्या दिवशी समितीचंच पोट बिघडलं. लाल फितींच्या मोळ्या शेडमागं बर्फाखाली गेल्या.

तरी धुराडी चालू होती. लोव्हिनाचं, माझं, पलीकडच्या चार घरांचं. कारण ऑरिन आता स्वतःच्या गंजक्या गाडीतून यायचा.

"किल्ली गेली ना रे तुझी? मग हे कुणाचं?" मी खिडकीतून विचारलं.

"चुलतभावाचं. मेलाय तो, त्याला विचारायला जा!"

मी झाकण फेकलं, त्यानं चुकवलं. विषय संपला असं मला वाटलं. माणसाचं अंग उबेत असलं की डोकं चालत नाही.

जानेवारीत एके दिवशी शेगडीत ढलपं टाकलं आणि घरभर गोड वास सुटला. सफरचंदाचं लाकूड! शेडमागच्या ढिगात बर्च आणि मेपल, फार तर स्प्रूस. सफरचंदाचं झाड या गल्लीत एकच होतं, ऑरिनच्या बायकोनं लावलेलं. शरदातल्या वादळात ते पडलं तेव्हा ऑरिननं ते स्वतः कापून आपल्या छपराखाली रचलं होतं. कुणाला हात लावू देत नव्हता. "हे माझं, शेवटचं," म्हणायचा.

मी कोट चढवला आणि तशीच त्याच्याकडं गेले. छपराखाली भुसा आणि उंदराच्या लेंड्या, बाकी काही नाही. आत ऑरिन टोपी, कोट आणि वर घोंगडी घेऊन बसला होता. बोलायला तोंड उघडलं की वाफ. सिंकवरचं फडकं लाकडासारखं ताठ झालेलं. शेगडीत खुर्चीचा पाय जळत होता.

"दार लाव, ऊब जाते," तो म्हणाला.

"कुठली ऊब, गाढवा?"

तो हसायला गेला आणि खोकला लागला. असा खोकला मी हार्लनचा ऐकला होता. शेवटच्या महिन्यात.

मी घरी येऊन माझ्याच लाकडांनी गाडी भरली, त्याच्या अंगणात नेली आणि जमतील तेवढ्या शिव्या घातल्या. ऑरिननं खिडकी वर केली. "आर्डिस, परत भर ते गाडीत. माझंच नाटक माझ्याच अंगणात? आणि तेही इतकं वाईट? शिवी देताना तुझा आवाज चिरकतो."

लोव्हिना काठी टेकत टेकत त्याच्या पायरीपर्यंत आली. अर्धा तास तिनं त्याच्या सात पिढ्या काढल्या. त्यानं आतून दोन ठिकाणी सुधारणा सुचवल्या, पण दार उघडलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं सुंभही नव्हता जाळायला. खोटी शिवी त्यानंच शोधून काढलेली, त्याला ती कोण विकणार? आणि रेडिओवर सांगत होते, रविवारी कडाक्याची थंडी येतेय, म्हाताऱ्यांना जपा. मला भीती वाटली. सरळ सांगते, मला वाटलं सोमवारी आम्हाला त्याचं दार फोडावं लागणार.

आणि मग माझ्या डोक्यात आलं. खोटी शिवी चालत नाही ना? मग खरी आणू. या गावात ऑरिन लेटनचा मनापासून तिरस्कार करणारं माणूस एकच होतं.

मी डोनट तळले आणि व्हिटलोबाईंकडं गेले.

"अहो, मला वाईट वाटतं सांगायला," मी म्हणाले, "पण तो ऑरिन काय काय बोलत सुटलाय तुमच्याबद्दल! म्हणतो, समितीच्या लाकडाला उंदीरसुद्धा तोंड लावत नाही. म्हणतो, बाईंनी त्या लाल फिती स्वतःच्या केसांत माळाव्यात. आणि म्हणतो, गावात सगळे तुमच्यावर हसतात."

यातलं निम्मं तो म्हणाला होता. उरलेलं तो म्हणाला असता.

बाई आधी पांढऱ्या पडल्या, मग लाल. "त्या फिती मी माझ्या हातांनी बांधल्यात," त्या हळूच म्हणाल्या. "एकेक. बोटं फुटली माझी." त्यांनी बोटं दाखवली. खरंच फुटली होती. क्षणभर मला त्यांची दया आली. पण दया करायला ती वेळ नव्हती. मी आगीत आणखी थोडं तेल ओतलं आणि घरी आले.

त्याच दुपारी समितीचा ट्रक ऑरिनच्या अंगणात शिरला. बाई स्वतः चालवत होत्या. शेडमागच्या सगळ्या मोळ्या, बर्फासकट, मागं भरलेल्या. मी आणि लोव्हिना माझ्या गाडीत बसून पाहत होतो.

"मिस्टर लेटन!" बाई ओरडल्या. "तुम्ही एक अत्यंत उर्मट, असभ्य आणि दुष्ट म्हातारे आहात!"

लोव्हिना कुजबुजली, "अगं, ही अहोजाहो करून शिव्या देते."

"गप्प बस. रंगात येतेय ती."

आणि आल्या. "तुमच्यामुळं या लाकडाला कुणी हात लावत नाही! घ्या! कुजू दे तुमच्याच दारात! मला पुन्हा हे लाकूडही बघायचं नाही आणि तुमचं थोबाडही!" एक एक मोळी उचलून त्या फेकत होत्या. एका ढलप्यानं पायरीचा कठडा मोडला. शेवटी तर त्यांनी असा एक शब्द वापरला की लोव्हिनानं विणायच्या सुया खाली ठेवल्या. मग बाई स्टीअरिंगवर डोकं टेकून जरा वेळ बसल्या आणि निघून गेल्या. सगळा वेळ ऑरिन खिडकीत उभा होता.

पुढच्या सभेत बाईंनी सांगितलं की लेटनला त्यांनी चांगला धडा शिकवला. समितीनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, मनापासून.

पण ते नंतरचं. त्या दिवशी ट्रक गेल्यावर आम्ही दोघी आत शिरलो. "कचरा आवरायला आलोय," मी म्हणाले, आणि बर्फ झटकून आतली कोरडी ढलपी घेऊन शेगडी पेटवली. घरात खुर्ची एकच उरली होती, ती लोव्हिनाला दिली, मी खोक्यावर बसले. ऑरिन खाटेवर बसून घोंगडीतून शेगडीकडं बघत होता, हात मात्र पुढं करत नव्हता.

"आर्डिस," तो शेवटी म्हणाला, "ती बाई खरंच चिडली होती ना?"

"तुला काय वाटतं?"

"मी तुला विचारतोय. तू तिला पढवून पाठवलं नव्हतंस?"

"तिला कोण पढवणार? तिला अजून काही ठाऊकच नाही. जे बोलली ते एकूण एक मनातलं होतं."

"शपथ?"

"हार्लनची शपथ."

मग त्यानं डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि दोन्ही हात शेगडीसमोर धरले.

"मग टाक आणखी एक," तो म्हणाला. "आणि ती फीत आधी सोड, मूर्ख बाई. जळली की घाण वास येतो."