श्रीखंडाच्या डब्यातल्या कॅप्सूल

तेव्हा मी एकसष्टची, म्हणजे तरुणच होते; अंगात शहाणपणा मावत नव्हता. तिलवाऱ्याच्या रस्त्यावर मोटरसायकलनं आमच्या कुत्र्याला उडवलं आणि त्याच्या मागच्या पायाचं हाड मोडलं. नेपियर टाउनमधल्या जनावरांच्या डॉक्टरांनी ऑपरेशन करून आत स्टीलची प्लेट बसवली.

घरी सोडताना ते म्हणाले, “अम्माजी, चीरा लगाने से पहले ही एंटीबायोटिक का इंजेक्शन दे दिया था। अब घर पे कुछ नहीं देना। सूजन दिखे तो उसी दिन ले आना।”

एवढं हाड उघडलं आणि घरी एक गोळी नाही? मला काही पटेना. ह्यांच्या फॅक्टरीच्या दवाखान्यातून आलेल्या, अर्धवट राहिलेल्या कॅप्सूल मी श्रीखंडाच्या डब्यात साठवत असे. नातेवाइकांत मी अर्धी डॉक्टर होते. उरलेल्या अर्ध्यात काय होतं, ते विचारायची कुणाची छाती नव्हती.

“काहून डबा काढून राहिली?” ह्यांनी विचारलं.

“खबरदारी.”

“त्याले आधीच सुई दिली ना?”

“तुम्ही पेपर वाचा.”

तूप लावलेल्या पोळीत गुंडाळून सकाळ-संध्याकाळ एकेक. पाच दिवसांत एका रंगाच्या संपल्या. टाके कोरडे दिसले, मी फुशारले.

आठव्या दिवशी पाय गरम लागला. मी डब्याच्या तळातून दुसऱ्या रंगाच्या काढल्या. सूज ओसरली, मग पुन्हा आली. कुत्रा पाय टेकवेना. व्हरांड्यात गोडसर, कुजका वास येऊ लागला. मी काय केलं? उदबत्ती लावली!

शेवटी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दाबलं तसा पू आला.

“घर पे कुछ दिया?”

“कुछ नहीं, डॉक्टर साब.”

हे माझ्याकडे बघत राहिले.

पू तपासायला गेला. रिपोर्टात औषधांची लांब यादी होती आणि जवळजवळ प्रत्येकापुढे लिहिलं होतं: उपयोग नाही. तेव्हा ह्यांनी पिशवीतून माझा डबा काढून टेबलावर ठेवला.

डॉक्टरांनी झाकण उघडून पाहिलं. “इसी से हुआ, ये मैं नहीं कह सकता,” ते हळू म्हणाले. “पर बीमारी इसने छुपाए रखी। अब प्लेट तक पहुँच गई है, हड्डी भी गल रही है।”

पाय काढावा लागला.

डबा मी टाकला नाही. त्यात आता बटणं असतात. झाकण वाजलं की कुत्रा तीन पायांवर धावत येतो, माझ्यासमोर बसतो आणि पोळीची वाट बघतो.