चार बोटं उघडी काच

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे माझ्या मूर्खपणाची चढण आहे आणि मध्ये थांबायला जागा नाही.

आमच्या जावयाला अमरावतीच्या कॉलेजात नोकरी मिळत होती. मुलगी, मुक्ता, पुण्याहून माहेरगावी येणार म्हटल्यावर आमच्या घरात दिवाळी. अडचण एकच. जावयाचे आईवडील त्यांच्याजवळ राहतात, आणि अमरावतीच्या उन्हाळ्याचं नाव काढलं की दोघं गप्प होतात. ते म्हणाले, मे महिन्यात येऊन राहून बघतो, मग हो की नाही सांगतो. त्यांना अकोल्याला एका मुंजीला यायचंच होतं. तिथून आम्ही त्यांना गाडीनं अमरावतीला आणायचं ठरलं.

मुक्ताचा फोन आला. "बाबा, बाकी काही करू नका. गाडीचा एसी तेवढा नीट करून घ्या. सगळं त्याच्यावर आहे."

आता, हवा गार करणं हा माझा प्रांत. सरकारी कचेरीत मी कारकून होतो हे खरं, पण होळी झाली की कचेरीतले सगळे कूलर माझ्या ताब्यात यायचे. वाळ्याच्या ताट्या बदलणं, पंपाला तेल देणं, आणि मुख्य म्हणजे कोणती खिडकी किती उघडायची ते ठरवणं. कूलरचं शास्त्र वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं: नवी हवा आत यायची तर जुनीला बाहेर जायला वाट हवी. खिडकी लावून घेतली की कूलर म्हणजे नुसता दमट पंखा. साहेबसुद्धा मला विचारून खिडकी उघडायचे. एवढा मान मिळालेला माणूस निवृत्त होतो, पण त्याचं शास्त्र निवृत्त होत नाही.

आमच्या एसीचं दुखणं जुनं होतं. दर उन्हाळ्यात मी रस्त्याकडेच्या एका दुकानात गॅस भरून घ्यायचो आणि तो पंधरवड्यात उडून जायचा. या वेळी रशीद मिस्त्रीकडे गेलो. रशीद म्हणजे बोलका माणूस. हात चालतात त्याच्या दुप्पट तोंड चालतं.

"काका, फुटक्या मडक्यात पाणी भरून राहिले तुमी इतके साल," तो म्हणाला. "आधी लीक पाहू. मंग गॅस."

त्यानं पायपांमध्ये दाबानं हवा भरली, सांध्यासांध्याला साबणाचा फेस लावला. एका सांध्यावर बुडबुडा फुगला. तिथलं झिजलेलं रबर बदललं, मग पंप लावून आतली सगळी हवा आणि ओल ओढून घेतली, आणि शेवटी सोनाराच्या थाटात गॅस काट्यावर तोलून भरला. मी स्टुलावर बसून सूचना देत होतो. त्या त्यानं ऐकल्या नाहीत, हे त्याचं नशीब.

"बसा आता. थंडी वाजली तं मले नोका म्हणू."

त्यानं काचा लावून एसी सुरू केला. खरोखर गारठलो. खूश होऊन निघालो आणि कोपऱ्यावर वळताच, शास्त्राप्रमाणे, मागच्या दोन्ही काचा चार चार बोटं उघडल्या.

घरी पोचेपर्यंत गाडीची भट्टी झाली.

दुसऱ्या दिवशी मी रशीदला चार गिऱ्हाइकांसमोर झापलं. "तोंडाशी गार लागतं, मागं पोचतच नाही. काम कच्चं आहे तुझं."

बिचाऱ्यानं सवयीप्रमाणे काचा लावल्या, एसी लावला. गार. सगळे सांधे पुन्हा तपासले. कुठे बुडबुडा नाही.

"काका, बराबर तं आहे."

"तुझ्या गॅरेजला सावली आहे, म्हणून."

तो माझ्याकडे बघतच राहिला. वडीलधारा माणूस एवढ्या खात्रीनं बोलतोय म्हटल्यावर त्याचा स्वतःच्या हातावरचा विश्वास डळमळला. त्या दिवशी तो पहिल्यांदाच गप्प बसलेला मी पाहिला. मी मात्र घरी येताना निदान करून टाकलं: हवा मागं पोचत नाही, म्हणजे वाट कमी पडते. अकोल्याच्या प्रवासात काचा अर्ध्या उघडायच्या.

जाताना पहाट होती, काही कळलं नाही. मुंजीची पंगत लांबली आणि आम्ही चौघं अकोल्याहून निघालो ते भर दुपारी. मागच्या सीटवर व्याही आणि विहीणबाई. त्यांना गारठा बाधू नये म्हणून मी दोन शाली ठेवल्या होत्या.

"एसी नुकताच नीट करून घेतलाय," मी म्हणालो आणि मागच्या काचा अर्ध्या खाली केल्या.

बोरगाव मंजूपर्यंत विहीणबाईंचा अंबाडा सुटला. पुणेरी माणसं सभ्य. "छान आहे हो वारा," त्या म्हणाल्या. "जरा उष्ण आहे, नाही?"

"आधी तसंच वाटतं. थांबा, अजून थोडी उघडतो."

"काही हरकत नाही," व्याही म्हणाले. बँकेत आयुष्य गेलेला माणूस. त्यांची हरकत नव्हतीच, चेहरा तेवढा विटेच्या रंगाचा झाला होता.

शेजारी बसलेली बायको हळूच म्हणाली, "अहो, काचा लावून तं पाहा."

"गुदमरतील ते. तुला कूलरमधलं काय कळतं?"

"हे कूलर आहे का?"

विद्वान माणूस बायकोच्या साध्या प्रश्नांना उत्तर देत नाही. म्हणून तर तो विद्वान राहतो.

कुरणखेडच्या पुढे मी आरशात पाहिलं. व्याह्यांनी माझी शाल बाटलीतल्या पाण्यात भिजवून डोक्यावर घेतली होती. विहीणबाई दुसरी भिजवत होत्या. मी चारही काचा पूर्ण खाली केल्या.

मूर्तिजापूर गेलं आणि व्याही फार शांतपणे म्हणाले, "मुक्ताला सांगावं लागेल. आमच्यानं काही हे होणार नाही."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं नाही, ते पाहण्यापेक्षा वाईट होतं. आता काही बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, तर त्यात माती गेली. नांगरलेल्या वावरातून एक भलीमोठी वावटळ उठली आणि सरळ रस्त्यावर आली. पऱ्हाटीची पानं, काड्या, कुणाचं तरी धोतर.

"काचा!" तिघं एकदम ओरडले.

मी बटणं दाबली. चारही काचा वर. बाहेर काळोख.

आणि मग गाडीत पुणं आलं. आधी माझ्या मानेशी, मग मागच्या सीटवर. पाच मिनिटांत व्याह्यांनी डोक्यावरची ओली शाल काढली आणि शिंकले.

"अगं, कोरडी शाल आहे का?"

"एक तुम्ही भिजवलीत, दुसरी मला भिजवायला लावलीत," विहीणबाई म्हणाल्या. मग पुढे वाकून त्यांनी मला विचारलं, "हा एसी आत्ता सुरू केलात?"

"नाही. अकोल्यापासून चालू आहे."

"मग काचा का उघड्या होत्या?"

असा सरळ प्रश्न मला उभ्या नोकरीत कुणी विचारला नव्हता. बायकोनं उत्तर दिलं. "यांच्या ऑफिसात कूलर होता."

वावटळ निघून गेली. माझा हात सवयीनं बटणाकडे गेला.

"हात जाग्यावर ठेवा," बायको म्हणाली.

बडनेऱ्यापर्यंत मागून खुसखुस ऐकू येत होती. सभ्य माणसं हसू दाबतात तेव्हा ते जास्त लागतं.

संध्याकाळी पाहुण्यांना गच्चीवर बसवून मी आधी रशीदकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्याची पहिली दोन मिनिटं टायरवर बसून हसण्यात गेली. मग म्हणाला, "काका, तुमच्या पायी म्या धंदा बदलायचा विचार करून राहिलो होतो."

परत आलो तर गच्चीवर पाणी शिंपडलेलं, वारा सुटलेला, आणि विहीणबाई मुक्ताशी फोनवर बोलत होत्या. मी जिन्यातच थांबलो. कान देणं वाईट, पण मुलीचा प्रश्न होता.

"अगं, उन्हाळ्याचं काही नाही. तुझ्या बाबांच्या गाडीतून मूर्तिजापूरपर्यंत जिवंत आलो, त्यापुढे तुमची अमरावती म्हणजे थंड हवेचं ठिकाण आहे. येतो आम्ही राहायला." मग आवाज खाली गेला. "एकच अट आहे. ती तूच सांग त्यांना, मला अवघड वाटतं."

पुढच्या महिन्यात मंडळी कायमची येताहेत. बडनेरा स्टेशनवर आणायला रशीद जाणार आहे. गाडी माझीच आहे.