तणसावरची उडी

लटारूला गावात कोणी नुसतं लटारू म्हणत नसे. दुसरा लटारू म्हणत. पहिला लटारू गावात कोणी नव्हताच. शाळेत बांबू उडीत गोपाल पहिला यायचा आणि हा दुसरा, एवढ्यावरून पडलेलं नाव. गावानं एकदा चिकटवलेलं नाव सरणावरच जळतं. लग्नाच्या मांडवात सासरच्या माणसांनीही त्याला तसंच पुकारलं होतं. साठी उलटली, दात गेले, नाव मात्र शाबूत राहिलं.

अशात चंद्रपूरला म्हाताऱ्या खेळाडूंच्या स्पर्धा निघाल्या आणि गोपालच्या डोक्यात किडा वळवळला. दोघांची शेतं ब्रह्मपुरीच्या रस्त्याला, बांधाला बांध लागून. एका सकाळी तो बांधावर येऊन म्हणाला, "लटाऱ्या, उडतं का पुन्हा? तसाही घरी बसून काय करून राह्यला तू?"

लटारू लगेच हो म्हणाला. गोपालला वाटलं, मैतर सोबतीला आला. भाबडा माणूस! लटारूच्या पोटात वेगळंच होतं. मरायच्या आधी एकदा, फक्त एकदा, त्याला या गोपालच्या वर जायचं होतं.

धान चुरून झालं होतं आणि गोपालच्या खळ्यावर तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, हा मोठा ढीग पडला होता. त्याच्यासमोर दोघांनी दोन बांबू रोवले, त्यांना खालपासून वरपर्यंत खिळे ठोकले आणि खिळ्यांवर एक हलकी दांडी आडवी ठेवली. धावत यायचं, हातातला बांबू खड्ड्यात टेकवायचा, अंग वर फेकायचं आणि दांडीपलीकडे तणसावर पडायचं. गाद्याबिद्या शहरात. पण तणसाची एक खोड असते. एकदा माणूस पडला की ते दबतं, आणि त्याच जागी दुसऱ्यांदा पडणं म्हणजे थेट भुईवर पडणं. म्हणून एकानं उडी मारली की दुसऱ्यानं दाताळ्यानं ते तणस उसवायचं, फुलवायचं आणि बाजूला होऊन हात वर करायचा. हात वर झाल्याशिवाय धावायचं नाही, असं दोघांत ठरलेलं.

रस्त्यानं जाणारे गाड्या थांबवून हसत. गोपालची बायको साधना रोज करवादायची, "हाडं मोडाल तं मी नाई उचलणार, सांगून ठेवते." गोपाल हसण्यावारी न्यायचा. लटारू हसत नव्हता. बायकोनं पाया पडूनही न सुटलेला तंबाखूचा खर्रा त्यानं एका दिवसात सोडला. पाठीला तेल चोळून चोळून त्याचं अंथरूण पिवळं झालं. हळूहळू दोघं एकाच खिळ्यावर आले. आता वरचा एकच खिळा उरला होता.

स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात, दिवस कलताना, लटारूनं दांडी त्या खिळ्यावर चढवली. पुन्हा पुन्हा उडाला आणि दर वेळी दांडी घेऊनच खाली आला. शेवटी तणसातच बसून राहिला. गोपालनं हात देऊन त्याला उठवलं, पाठीवरचा भुसा झटकला आणि म्हणाला, "जाऊ दे ना बे. दुसरा तं तू पक्काच आहे."

थट्टाच होती ती. जन्मभर सगळ्यांनी केली तशीच. गोपाल दांडी नीट ठेवून मागं गेला. नाल्याकडं वाघाचा वावर होता, अंधाराच्या आत घरी पोचायचं होतं, म्हणून त्यानं घाई केली. "चाल लवकर!" तो ओरडला.

लटारूनं दाताळं तणसात खुपसलं. त्याच्याच अंगाचा खळगा तिथं घट्ट बसला होता. त्यानं दाताळं तसंच बाहेर काढलं, बाजूला झाला आणि हात वर केला.

गोपाल मरावा असं त्याच्या मनात नव्हतं. कंबर लचकावी, स्पर्धेपुरता अंथरुणाला खिळावा, एवढंच. माणूस स्वतःला असंच स्वस्तात सोडवतो.

गोपाल धावत आला, वर गेला आणि दांडीवरून अल्लद पार झाला. दांडी हललीसुद्धा नाही. मग लाकूड फुटावं तसा आवाज झाला. लटारूनं आधी वर पाहिलं. दांडी खिळ्यावर तशीच होती. त्यानंतर तो मदतीसाठी ओरडला.

रस्त्यावरची माणसं धावून आली. खिळ्यांचे तेच बांबू उपटून, धोतर बांधून त्यांनी झोळी केली आणि गोपालला उचललं. ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांनी सांगितलं, कमरेखाली आता काही उरलं नाही.

लटारू चंद्रपूरला गेला. त्याच्या वयाच्या गटात दुसरं कोणी नव्हतं. सगळ्यांत खालची उंची त्यानं पार केली आणि गळ्यात सोन्याच्या रंगाचं पदक पडलं. परतताना बसस्टँडवर गावचा एक जण भेटला.

"कितवा आला, भाऊ?"

"पहिला."

"किती जणांत?"

"एकटाच होतो."

तो माणूस पोट धरून हसला. लटारू तसाच गोपालच्या घरी गेला आणि त्याच्या खाटेच्या कडेला बसला.

गोपाल खाटेवर पडून होता. पदक त्यानं हातात घेऊन पाहिलं, खरंच खूश झाला. पडण्याचा दोष त्यानं स्वतःलाच दिला होता. "आंगच वाकडं पडलं मायं," तो म्हणाला. मग साधना चहा ठेवायला आत गेली तसा त्यानं आवाज खाली आणला.

"लटाऱ्या, एक विचारू? इथी कोणालेच माहीत नाई, तूच होता तिथी. त्या दिवशी दांडी पडली का रे? मले वाटलं, पार झालो मी. रोज तेच आठवत राह्यतो."

बोलायला एकच शब्द लागत होता, 'नाई'. गोपालला पुढची सगळी वर्षं खाटेवर पुरला असता असा शब्द.

"पडली," लटारू म्हणाला. "टाच लागली तुही."

गोपालनं डोळे मिटले. मग त्यानं डोळे पुसले आणि हसायचा प्रयत्न केला.

"मंग तूच पहिला, लेका," तो म्हणाला आणि पाठ थोपटायला त्यानं हात उचलला. हात पुरेना. तेव्हा लटारू खाटेवर थोडा पुढं सरकून बसला.